पिवळ्या स्वेटरमधली मुलगी

नॉरबी, विस्कॉन्सिन
२४ सप्टेंबर

ती. दादास, वामनचा साष्टांग नमस्कार.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो, की माझी दोन्ही धोतरं निवर्तली. देहाने ती अजून तळघरातल्या दोरीवर आहेत; गेला तो वर्ण. ज्या शुभ्र जोडीवर मी इथल्या हाडं फोडणाऱ्या थंडीतही संध्येला बसत आलो, ती काल धुण्याच्या यंत्रातून चितेवरच्या राखेचा रंग घेऊन बाहेर आली. अपराधी कोण, तर टेसचा काळा कोट. तिने तो माझ्या धोतरांवर टाकला, गरम पाणी सोडलं आणि निघून गेली. मी दोन्ही मृतदेह हातांवर घेऊन तिच्या दारात उभा राहिलो आणि न्याय मागितला. तिने कानांतली बोंडं काढली, धोतरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "झकास! आता तूही आमच्यातला."

टेस कोण, हे तुला ठाऊक नाही. कारण तुला ते ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. मार्लीनच्या पहिल्या संसारातली मुलगी. वय सतरा. नात्याने माझी सावत्र कन्या, व्यवहारात माझी वरिष्ठ. पायघोळ काळा कोट, गुडघ्यापर्यंत बूट, ओठांना काळा रंग आणि कानात असलं संगीत, की ते चालू असताना आमच्या खिडकीच्या काचा मंत्रजागर करतात. शिवाय तिचा एक छंद आहे. रस्त्यात गाड्यांखाली मेलेले प्राणी ती उचलून आणते. गराजमध्ये काचेच्या पेटीत तिने मांस खाणारे किडे पाळलेत. ते हाडं लख्ख करतात, आणि मग ही मुलगी महिनोन् महिने बसून प्रत्येक हाड जागच्या जागी जोडते. सध्या एक रॅकून चालू आहे. मागचा डावा पाय बाकी आहे. मी तिला म्हटलं, "पाणिनीनेही हेच केलं, फक्त वास कमी यायचा." तर म्हणाली, "मग त्याच्या शेजाऱ्यांनीही पोलीस बोलावले होते का?"

शेजाऱ्यांनी बोलावले होते. दोनदा. गावात तिच्याबद्दल जे बोलतात ते मी लिहीत नाही. तुला कल्पना करता येईल, ती शक्ती तुझी दांडगी आहे. माझंही काही निराळं नाही म्हणा. एकदा मी धोतरावर वर्तमानपत्र उचलायला अंगणात गेलो, तेव्हापासून अर्धं गाव मला योगगुरू समजतं. वाकलो तर माझे हात गुडघ्यालाही पोचत नाहीत. मी शेजारच्या गावच्या कॉलेजात लॅटिन शिकवतो हे सांगून थकलो. पण धोतर दिसलं की योग, कोट दिसला की सैतान.

आणि जीनची पँट दिसली की धर्मबुडवा. बाबांच्या वर्षश्राद्धाला मी त्या पँटीत उंबऱ्यावर उभा होतो. धोतर बॅगेत होतं आणि बॅग फ्रँकफर्टला. तू म्हणालास, "या वेषात पितर ओळखणार नाहीत." मी म्हणालो, "पितरांचं राहू दे, तू ओळखतोस ना?" त्याचं उत्तर अजून यायचंय. दर वर्षी पंचांग मात्र न चुकता येतं. आत एक ओळ नाही. शालिवाहन शक कळतो, दादा कसा आहे ते कळत नाही.

असो. पुढच्या आठवड्यात इथल्या शाळेचा वार्षिक फुटबॉलचा उत्सव. आठवडाभर मुलं रोज वेगळी सोंगं घेतात. बुधवारी 'उलट दिवस', म्हणजे आपण जे नाही ते व्हायचं. टेसने आजीच्या ट्रंकेतून फिकट पिवळा स्वेटर काढलाय, मोत्यांच्या बटणांचा. आरशासमोर उभी राहून पोट धरून हसत होती.

मी हे पत्र स्कॅनच्या यंत्रात घालून तुझ्याकडच्या श्रीपादला धाडतो; तो छापून तुझ्या चौरंगावर ठेवील. वाचलं नाहीस तरी त्याला घड्या घालू नकोस, पंचांगात खूण म्हणून चालेल.

वामन


३ ऑक्टोबर

ती. दादास,

आज विनोद जमेल असं वाटत नाही, पण हात सवयीने चालेल.

बुधवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानामागची शेड जळाली. उत्सवाच्या मिरवणुकीतले सगळे चित्ररथ तिथे होते. गावाने महिनाभर खपून केलेले. आग विझवायला गेलेला एक म्हातारा स्वयंसेवक, व्हर्जिल, त्याचे दोन्ही हात भाजले. वाचेल म्हणतात. हाताचं सांगत नाहीत.

लाइल नावाचा हार्डवेअरवाला त्या वेळी ट्रक घेऊन मागच्या रस्त्याने चालला होता. त्याने शेडमागून कुणाला तरी पळताना पाहिलं. चेहरा दिसला नाही. दिसला तो पायघोळ काळा कोट, आणि बूट.

संपलं. गावाला पुढे काही लागलंच नाही. तुला आठवतं, गुरुजी आपल्याला अनुमान शिकवायचे: डोंगरावर धूर, म्हणून डोंगरावर अग्नी. नॉरबीच्या तर्कशास्त्रात एक पायरी कमी आहे: कोट, म्हणून अग्नी. गुरुजींनी याला हेत्वाभास म्हटलं असतं आणि पट्टी काढली असती. इथे पट्टी कुणाच्या हातात आहे ते आता सांगतो.

गुरुवारी सकाळी डेप्युटी रँडी आला. शेरीफच्या कचेरीतला हा माणूस मार्लीनच्या वर्गात होता. नाताळात आमच्याकडे बिस्किटं खातो. टोपी काढून स्वयंपाकघरात उभा राहिला.

"मार्लीन, पोरीशी बोलावं लागेल."

"कशाबद्दल?"

"तुला माहितीये कशाबद्दल."

टेस जिन्यावरच होती. म्हणाली, "काल उलट दिवस होता, रँडी. मी पिवळा स्वेटर घातला होता. सगळी शाळा काळे कोट घालून फिरत होती. तिघी जणी तर 'टेस' होऊन आल्या होत्या. माझ्यासारख्या चालत होत्या, माझ्यासारखे खांदे पाडून. सगळे हसत होते."

"शाळा तीनला सुटते. आग सहानंतरची. मधे कपडे बदलता येतात."

"सहाला मी चर्चच्या तळघरात होते. बुधवारच्या जेवणाला. साडेपाचपासून भांडी धुईपर्यंत कॉफी वाढत होते."

रँडीला हसू आवरलं नाही. "तू? लुथरन बायकांच्यात?"

"दिवसभर मला कुणी ओळखलं नाही," ती म्हणाली. "खेळाच्या मास्तरांनी विचारलं, कुठल्या गावाहून आलीस. मला गंमत वाटली. म्हटलं, बघू तरी कुठवर जाता येतं."

मार्लीन तेव्हा वृद्धाश्रमात ड्यूटीवर, मी कॉलेजात. आमची साक्ष शून्य. रँडी गेला तो त्या बायकांना विचारायला. टेसचा शाळेच्या वार्षिकातला फोटो घेऊन गेला, काळ्या ओठांचा. तळघरात त्या संध्याकाळी निम्मं गाव जेवलं होतं. प्रत्येकाने फोटो पाहिला आणि प्रत्येकाने मान हलवली. ही आली असती तर आम्हाला दिसली नसती का?

रँडीने परत येऊन जे सांगितलं ते ऐक. "कॉफीला एक मुलगी होती खरी. पिवळ्या स्वेटरात. पण ती कुणाची तरी भाची होती, बाहेरगावची. फार गोड पोरगी, म्हणतात सगळ्या."

"ती मी आहे," टेस म्हणाली.

रँडीने तिच्या कोटाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. त्याला ते दिसेना. खोटं बोलत नव्हता, दादा. खरंच दिसेना.

जाताना तो किड्यांची पेटी आणि अर्धा रॅकून पुरावा म्हणून घेऊन गेला. कशाचा पुरावा, ते मी विचारलं. म्हणाला, "मनोवृत्तीचा."

शाळेने तिला घरी बसवलंय. पुढच्या मंगळवारी, म्हणजे तेरा तारखेला, शाळेच्या मंडळासमोर सुनावणी. तिथे दोषी ठरली तर कागद सरकारी वकिलाकडे. आणि या राज्यात सतरा वर्षांचं माणूस गुन्ह्यापुरतं सज्ञान धरतात. मतदानाला लहान, तुरुंगाला मोठं.

वामन


८ ऑक्टोबर

ती. दादास,

काल कुणीतरी आमच्या पायरीवर मेलेला कावळा आणून ठेवला. गराजच्या दारावर लाल रंगात एक शब्द लिहिला, तो मी लिहीत नाही. मार्लीन तो घासत होती. टेस बाहेर आली, कावळा उचलला, पंख उलगडून बघितला आणि म्हणाली, "छऱ्याने मारलाय. कुणीतरी मुद्दाम मारलाय, मला द्यायला." मग तिने तो मागे पुरला. तिने मेलेलं काही पुरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

वकीलबाई मिळाल्या आहेत. बारीक, चष्म्याच्या, बोलताना पेन्सिल चावतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग अडचण काय आहे? सुनावणीला तळघरातल्या बायका येणारच आहेत, तमाशा बघायला. हिला तो स्वेटर घालून आत येऊ दे. बाकी मी बघते."

"नाही," टेस म्हणाली.

"का?"

"ऑर्डिस हाल्वरसनने मला दोन तास समोर उभं केलं. माझ्याशी बोलली. माझा हात धरून मला दाखवलं की किटली कशी तिरपी धरायची. तिला माझं तोंड आठवायला नको?"

ऑर्डिसबाई म्हणजे त्या चर्चच्या स्वयंपाकघराच्या अन्नपूर्णा. गेली कित्येक वर्षं गावातलं बारसं, लग्न आणि मयत त्यांच्या बटाट्याशिवाय झालेलं नाही. मी टेसला म्हटलं, चल, आपण त्यांच्याकडे जाऊ. तू बोल. तुझा आवाज तरी ओळखतील.

ती कोट घालूनच आली. मी तिला कोट काढ म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑर्डिसबाईंनी आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं बंद ठेवलं. मी नमस्कार-चमत्कार केले. त्या म्हणाल्या, "मिस्टर वामन, मला तुमच्या कुटुंबाबद्दल वाईट वाटतं. मी रोज प्रार्थना करते."

"बाई, बुधवारी कॉफी वाढणारी मुलगी ही आहे."

त्यांनी जाळीतून पाहिलं. नीट पाहिलं, हे मी सांगतो. ती बाई लबाड नाही. टेसने डोळे वर केले.

"तुम्ही मला सांगितलंत, म्हाताऱ्या आयनरला अर्धाच कप द्यायचा, त्याचा हात थरथरतो," टेस म्हणाली. "आणि लिंबाच्या वड्या संपल्या तेव्हा तुम्ही माझ्यासाठी एक नॅपकिनमध्ये लपवून ठेवलीत."

ऑर्डिसबाईंचा चेहरा एक क्षण हलला. मग त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"मीच होते ना तिथे!"

"नाही गं पोरी. ती वेगळी होती. तिचे डोळे किती निवळ होते." आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात: "हिने त्या मुलीला काही केलं तर नाही ना?"

दार लागलं. आम्ही पायऱ्या उतरलो. गाडीत बसल्यावर टेसने पट्टा लावला. मग म्हणाली, "वामन, तिला वाटतंय मी मला मारून टाकलं."

तिला मी सुभाषितं सांगत असतो, सवयच आहे. मान मिळवून देणाऱ्या गोष्टींची यादी करताना आपल्या पूर्वजांनी वस्त्राला पहिला नंबर दिला आणि विद्येला चौथा, हे तिला एकदा सांगितलं होतं तेव्हा ती खूप हसली होती. त्या दिवशी गाडीत मला ते आठवलं आणि मी जीभ चावली.

आता घरात रोज एकच वाद. मार्लीन म्हणते, "एक तास घाल गं! एका तासाचा प्रश्न आहे! आजीचाच स्वेटर आहे, काही काटे नाहीत त्याला!"

टेस म्हणते, "मी तो घालून सुटले, तर सुटला कोण? स्वेटर. मी तिथेच राहिले, जाळीबाहेर."

"तुरुंगात बसून हे तत्त्वज्ञान कुणाला सांगणारेस?"

"तुला. भेटीच्या दिवशी."

मार्लीनने हातातली बशी ओट्यावर आपटली. ती फुटली नाही, तेव्हा ती आणखी चिडली.

दोघी बरोबर आहेत. गुरुजींनी असा प्रश्न कधी घातला नव्हता. दादा, तुझं माझ्याशी बोलणं नाही हे मला मान्य आहे. पण तू शास्त्री आहेस. सभेत जाताना वेष पालटला तर माणूस खोटं बोलतो का? एवढंच सांग. पंचांगात घालून पाठवलंस तरी चालेल, पण ते मंगळवारपूर्वी यायला हवं.

वामन


१४ ऑक्टोबर

ती. दादास,

तुझं उत्तर श्रीपादने फोटो काढून पाठवलं. तुझं अक्षर पाहिलं आणि उत्तर वाचायच्या आधी बराच वेळ नुसतं अक्षरच पाहिलं. 'र' अजून तसाच, काठी टेकून उभा राहिल्यासारखा.

"सभेला सभेचा वेष. देवही राजा म्हणून वेगळा सजतो, बाळ म्हणून वेगळा. देव बदलत नाही. मेलेले प्राणी घरात आणू नयेत. सुतक लागतं का ते बघून कळवतो."

पहिला भाग मी टेसला भाषांतर करून वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "हा तोच भाऊ ना, पँट घातली म्हणून तुला बापाच्या श्राद्धाला बसू न देणारा?"

"तोच."

"मग त्याला विचार, देव पँट घालून आला असता तर?"

मी विचारतो म्हटलं. विचारलं, असं समज.

तेव्हा तुझ्या सल्ल्याने काही झालं नाही. झालं ते असं. मंगळवारी सुनावणीच्या आधी मार्लीनने इस्त्रीचा बोर्ड मांडला. मला वाटलं स्वेटर. तिने काळा कोट घेतला. त्याची कॉलर झटकली, बाहीचं लोंबणारं बटण टाका घालून घट्ट केलं, आणि तो कोट आडवा करून इस्त्री करू लागली. पाठ, बाह्या, खिसे. कोट हँगरला लावून जिन्याच्या कठड्याला अडकवला आणि टेसला हाक मारली. "हा घाल. तुझा आहे. मी शेजारी बसेन."

खाली ठेवताना इस्त्री तिच्या हातातून निसटून बोर्डवर आडवी पडली, आणि कापड जळल्याचा वास आला. टेस जिन्यावरून आईच्या हाताकडे बघत होती. कोटाकडे नाही.

ती वर गेली. खाली आली ती पिवळ्या स्वेटरात. ओठ धुतलेले, केस मागे बांधलेले. आमच्याकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

शाळेच्या ग्रंथालयात टेबलं लांबलचक लावली होती. मंडळाचे लोक पलीकडे, गाव अलीकडे, घडीच्या खुर्च्यांवर. व्हर्जिलची बायको पहिल्या रांगेत. लाइल. रँडी भिंतीशी. आणि तिसऱ्या रांगेत ऑर्डिसबाई, मांडीवर पर्स उभी धरून.

आम्ही आत आलो आणि लोकांनी आमच्यामागे पाहिलं. कोट कधी आत येतो ते पाहायला. मार्लीन आणि मी, आणि मधे कुणी ओळखीचं नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "मुलगी आली नाही का?"

टेस त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

आणि मग तिसऱ्या रांगेत पर्स खाली पडली.

"उफ-दा!" ऑर्डिसबाई उभ्या राहिल्या. "अगं बाई! ही तर माझी कॉफीवाली!"

"ऑर्डिस, खाली बस," अध्यक्ष म्हणाले. "तुझी पाळी यायची आहे."

"पाळी गेली खड्ड्यात, जेराल्ड! ही माझ्याबरोबर होती! सायरन वाजला तेव्हा हिच्या हातात किटली होती, ती सांडली माझ्या एप्रनवर! अगं पोरी, तू होतीस कुठे इतके दिवस? आम्ही तुला किती शोधलं!"

मागून दुसरी बाई: "खरंच, तीच." तिसरी: "आयनरला हिनेच कप धरून पाजलं." एकेक जण उठत गेला. वकीलबाईंना पेन्सिल तोंडातून काढायचीही गरज पडली नाही. लाइल तेवढा पुटपुटला, "मी कोट पाहिला म्हटलं होतं. ही म्हटलं नव्हतं." हे खरं होतं. त्याने कोटच पाहिला होता.

ऑर्डिसबाई पुढे आल्या, त्यांनी टेसचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडल्या. म्हणाल्या, "बघ बरं, किती छान दिसतेस. कशाला ते सगळं चढवून घेतेस अंगावर?"

टेस म्हणाली, "थँक यू, मॅम."

मी तिच्याशेजारी होतो. तो आवाज मी पूर्वी ऐकलेला नव्हता.

सुटली. शाळेने त्याच संध्याकाळी पत्र दिलं. मार्लीनने घरी येऊन कढईभर चीज तळलं आणि रडत रडत खाल्लं. मीही खाल्लं. देवाला साखर ठेवली, तुझ्या नावाने एक पळी जास्त सोडली.

वामन


२१ नोव्हेंबर

ती. दादास,

तुझं पत्र आलं. पंचांगाशिवाय आलेलं हे पहिलंच. त्यात सुतकाचा निर्णय (लागत नाही, आंघोळ करावी) आणि खाली, वेगळ्या शाईत, चार शब्द: "मुलगी आता कशी आहे?"

आधी बाकीच्या बातम्या. आग कुणी लावली ते कळलं. कोडी लिंडक्विस्ट, शाळेच्या संघाचा कर्णधार. 'उलट दिवसा'चा काळा कोट घालून शेडमागे मित्रांबरोबर सिगारेट ओढत होता. चित्ररथांच्या कागदी फुलांवर ठिणगी पडली. त्याने स्वतःच कबूल केलं, व्हर्जिलच्या पट्ट्या सुटल्यावर. गावाने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या निळ्या-पांढऱ्या संघाच्या जाकिटाकडे पाहिलं, आणि म्हटलं, पोर आहे, चुकलं. शेड बांधायला मदत करायची शिक्षा झाली. पुढच्या शुक्रवारी तो खेळलाही. मी त्याला तुरुंगात घाला म्हणत नाही. त्या मुलाची झोप उडालेली मला दिसते. मी फक्त जाकीट आणि कोट शेजारी शेजारी टांगून बघतो आहे.

लाइलने गराजचं दार फुकट रंगवून दिलं. ऑर्डिसबाईंनी सफरचंदाचा 'पाय' (इथलं एक गोड पक्वान्न) पाठवला, आणि निरोप: बुधवारी पोरीला पाठवा, कॉफीला तिच्यासारखं कुणी नाही. टेस जाते. दर बुधवारी. रँडीने किड्यांची पेटी परत आणली. पुराव्यांच्या खोलीत त्यांना खायला कुणी घातलं नव्हतं. सगळे मेलेले. तो ओशाळून म्हणाला, "नवीन आणून देतो हवे तर." टेस म्हणाली, "नको, ठीक आहे." रॅकून खोक्यात आहे. मागचा डावा पाय अजून बाकी.

तुला गंमत सांगतो. गावातले लोक आता मला रस्त्यात थांबवून म्हणतात, "तुमची मुलगी किती बदलली हो!" मार्लीनही म्हणते, घरात किती शांत वाटतं. काचा वाजत नाहीत. परवा टेसने मला विचारलं, की बाहेर वर्तमानपत्र आणायला जाताना मी पँट घालीन का. लोक बघतात म्हणाली. फार नम्रपणे म्हणाली.

मी घातली.

तेव्हा आता तुझ्या चार शब्दांचं उत्तर. मी हे पान दोनदा टाकून दिलं, कारण मला विनोद सुचत होते आणि ते बरे नव्हते.

कोट तिने गेल्या आठवड्यात दान-दुकानात दिला. मार्लीनने केलेल्या इस्त्रीच्या घड्या तशाच होत्या. आता ती रोज स्वेटर घालते. पिवळा धुवायला असेल तर तसलाच निळा. वेळेवर जेवते. विचारलं तर हसते. मी सुभाषित सांगितलं तर "छान आहे" म्हणते, उलट टोमणा मारत नाही. धुण्याच्या यंत्रात मी आता धोतरं निर्धास्त टाकतो. नवीन जोडी शुभ्र निघते, एक डाग नाही. काल मी ती ओली धोतरं हातात घेऊन तिच्या दारात उभा राहिलो, आणि तिने काहीतरी बोलावं म्हणून वाट पाहिली. तिने मान वर केली आणि म्हणाली, "काही हवंय का, वामन?"

मला तिची भीती वाटते, दादा. तिच्यासाठी वाटते. आम्ही तिला घरी आणलं असं सगळे म्हणतात, आणि मला खात्री नाही, की जी आली ती तीच आहे.

वामन